दिवाळीआधी फ्लॅपचं ग्रीस: विमान देखभालीत नव्यानं येणाऱ्यांसाठी

लातूर, बीड, परभणीकडून एअरक्राफ्ट मेंटेनन्सच्या कोर्सला गेलेली पोरं-पोरी पहिल्या वर्षी हमखास विचारतात, की थंडीतल्या बिघाडांचं एवढं कशाला शिकायचं, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो? प्रश्न चुकीचा नाही. परभणीचा पारा दहाच्या खाली गेला की कृषी विद्यापीठाचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात झळकतो. आमच्या थंडीची मजल तेवढीच. पण विमानाला लागणारी थंडी जमिनीवर मोजून कळत नाही. वर जाल तशी हवा दर हजार फुटांना साधारण २ अंशांनी गार होत जाते. प्रमाण वातावरणात ३५,००० फुटांवर उणे ५४ अंश धरतात. आपल्या अक्षांशावर उन्हाळ्यात ते थोडं कमी गार, तरी उणे ४०च्या आसपास असतं. मे महिन्यात संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाच्या तापलेल्या एप्रनवरून (विमानं उभी करायच्या जागेवरून) दिल्लीला निघालेलं विमान अर्ध्या तासात ८० अंशांचा फरक अंगावर घेतं. पुढं उतरताना याच गारठलेल्या पंखातून त्याला फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे सरकते पत्रे, बाहेर काढायचे असतात.

थंडी स्वतः सहसा काही मोडत नाही. पावसाळ्यात आत शिरलेलं पाणी, वाळलेलं ग्रीस, कडक झालेलं सील हे सगळं आधीपासून तिथं असतंच, थंडी ते फक्त उघडं पाडते. म्हणून फ्लॅपच्या हिवाळ्याची तयारी डिसेंबरात करून भागत नाही. पाऊस उघडला की लागायचं, म्हणजे आपल्याकडं दसरा ते दिवाळी. ग्रीसिंगचं आणि तपासणीचं अधिकृत वेळापत्रक अर्थातच विमानाचा मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅम ठरवतो, तुम्ही-आम्ही नाही. पण त्या वेळापत्रकातलं काम कशासाठी आहे हे कळलेलं असलं की हात नीट चालतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण कॅनडातलं आहे. बंबार्डियरची ५० आसनी सीआरजे विमानं तिकडं कडाक्याच्या थंडीत उडायची आणि त्यांचे फ्लॅप मधेच अडकायचे. या विमानांत फ्लॅप विजेच्या मोटरवर चालतात. मोटरची फिरकी पंखातून लवचिक शाफ्टनं ॲक्च्युएटरपर्यंत, म्हणजे फ्लॅप प्रत्यक्ष ढकलणाऱ्या भागापर्यंत, जाते. २००७ साली कॅनडाच्या वाहतूक खात्यानं या फ्लॅपसाठी सक्तीचा आदेश काढला. करायच्या कामांत लवचिक शाफ्टची दाबचाचणी होती आणि ॲक्च्युएटरची कमी तापमानातली टॉर्कची (फिरवायला लागणाऱ्या जोराची) चाचणीही होती. यावरून रोख कुठं होता ते ओळखा. शाफ्टच्या आवरणात पाणी शिरतंय का, आणि गार पडल्यावर ॲक्च्युएटर फिरायला किती जोर मागतो, हे त्यांना बघायचं होतं. थंडी तिथं दर वर्षीचीच होती, शोध पाण्याचा आणि घर्षणाचा घ्यायचा होता.

पहिली पायरी: आपल्या विमानाचा फ्लॅप कशावर चालतो ते बघा

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला खाली-मागं सरकणारा पत्रा एवढं सगळ्यांना माहीत असतं. उतरताना आणि उडताना कमी वेगातही पंखाला पुरेशी उचल मिळावी म्हणून तो असतो. पण तो हलवणारी यंत्रणा प्रत्येक विमानात वेगळी असते, आणि थंडीत ती कुठं आडवी येईल हेही त्यामुळं वेगळं असतं.

पायपरच्या पीए-२८ जातीच्या बहुतेक छोट्या विमानांत दोन सीटच्या मधला दांडा हातानं ओढायचा. यात बिघडायला फारसं काही नाही, आणि अडकलं तर हाताला लगेच कळतं. सेस्ना १७२मध्ये उजव्या पंखात विजेची मोटर आणि स्क्रू-जॅक असतो. तो उजवा फ्लॅप रॉडनं ढकलतो, आणि केबल छतातून पलीकडं जाऊन डावा फ्लॅप त्याच्याबरोबर हलवते. एटीआरमध्ये हायड्रॉलिक ॲक्च्युएटर. एअरबस ए३२०मध्ये दोन कॉम्प्युटर हुकूम देतात, हायड्रॉलिक मोटर फिरतात, ती फिरकी टॉर्क शाफ्टनं पंखाच्या टोकापर्यंत जाते, आणि दोन्ही बाजूंत फरक पडला तर टोकाजवळचे ब्रेक सगळं जागच्या जागी धरून ठेवतात. बोइंग ७३७मध्येही टॉर्क ट्यूब आणि स्क्रू आहेत. तिथं हायड्रॉलिक गेलं तर मागचे फ्लॅप हलवायला वेगळी विजेची मोटर आहे.

वाळूजच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये तुम्ही लेथवर काम केलं असेल तर लीड स्क्रू तुमच्या ओळखीचा आहे. फ्लॅपचा स्क्रू-जॅक त्याच घराण्यातला. स्क्रू फिरतो, नट पुढं-मागं सरकतं, नटाला फ्लॅप जोडलेला. लेथवर चिप्स आणि कोरडेपणा जे करतात तेच इथं धूळ आणि कोरडेपणा करतात. फरक एवढाच, की लेथ थांबवता येतो.

मेंटेनन्स मॅन्युअलमध्ये फ्लाइट कंट्रोलचा भाग २७व्या प्रकरणात असतो. मागच्या कडेचे फ्लॅप २७-५०मध्ये आणि पुढच्या कडेचे स्लॅट २७-८०मध्ये. ग्रीसिंग १२व्यात, हायड्रॉलिक २९व्यात, बर्फ आणि पावसापासूनचं संरक्षण ३०व्यात. हे आकडे सगळ्या कंपन्यांत सारखे असतात, तेव्हा एकदा पाठ केलेत की जन्मभर पुरतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात २७-५०चा वर्णनाचा भाग आकृत्यांसकट वाचून काढा. आकृतीत बाण दाखवलेला प्रत्येक ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) हँगरमध्ये जाऊन प्रत्यक्ष शोधा. एखादा सापडणार नाही, आणि बऱ्याचदा तोच कोरडा असतो.

दुसरी पायरी: पाणी आत कुठून येतं ते शोधा

यावर जरा जास्त बोलू, कारण निम्मं दुखणं इथंच आहे.

पहिला मार्ग पावसाचा. चिकलठाणा असो, नांदेड असो की लातूर, उघड्यावर उभ्या विमानावर जून ते सप्टेंबर पाणी पडत राहतं. ते फ्लॅपच्या खोबणीत उतरतं. खाली निचऱ्याची भोकं असतात, पण ती उघडी हवीत. आपल्याकडं या भोकांचा एक खास शत्रू आहे, कुंभारीण माशी. चार दिवस विमान हललं नाही की ही माशी ओल्या मातीचं घर करून भोक बुजवते. पाऊस उघडल्यावर प्रत्येक भोक बघायचं आणि माती निघाली तर आतही बॅटरी मारून बघायचं. भोक मोकळं करायला तार खुपसू नका, आत वायरिंग किंवा सील असू शकतं. मॅन्युअल सांगेल त्याच पद्धतीनं साफ करा.

दुसरा मार्ग आपल्याच हातचा, म्हणजे धुणं. मराठवाड्याची धूळ काय चीज आहे ते सांगायची गरज नाही. मार्च-एप्रिलमध्ये एका वाऱ्यात पांढरं विमान पिवळं होतं. मग जोराच्या फवाऱ्याखाली धरायचा मोह होतो. फवारा बेअरिंग, रोलर किंवा ॲक्च्युएटरच्या सीलवर थेट मारला की दोन गोष्टी एकदम घडतात. आतलं ग्रीस बाहेर येतं आणि बाहेरचं पाणी आत जातं. चकाचक दिसणारं विमान आतून कोरडं आणि ओलं दोन्ही होऊन बसतं. म्हणून धुण्याआधी सांगितलेल्या जागा झाका, दाब कमी ठेवा, नोझल लांब धरा. धुऊन झालं की नेमून दिलेल्या जागी पुन्हा ग्रीस भरा. हे शेवटचं काम टास्क कार्डवर (करायच्या कामांच्या यादीवर) असतं आणि शिफ्ट संपायची घाई असली की नेमकं तेच मागं पडतं.

तिसरा मार्ग नवीन माणसाच्या ध्यानात येत नाही. गिअरबॉक्स आणि ॲक्च्युएटर श्वास घेतात. विमान वर जातं तसा बाहेरचा दाब घटतो आणि आतली हवा सीलमधून हळूहळू बाहेर पडते. खाली येताना बाहेरचा दाब वाढतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. जुलै-ऑगस्टमध्ये ही हवा दमट असते आणि धातू अजून गारठलेला असतो, म्हणून आत दव धरतं. एका फेरीत थेंबभरही नसेल. पण दिवसाला चार-पाच फेऱ्या आणि त्यावर अख्खा पावसाळा धरा. सील ठणठणीत असेल तर हे फार होत नाही, झिजलं असेल तर दसऱ्यापर्यंत आत पाणी साठलेलं असतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. मोकळ्या जागेत त्यानं फरक पडत नाही, पण बॉलस्क्रूच्या (गोळ्यांवर फिरणाऱ्या स्क्रूच्या) गोळ्यांमध्ये किंवा शाफ्ट आणि त्याच्या आवरणामध्ये तो बर्फ फिरकी धरून ठेवतो. मोटर जोर लावते, टॉर्कची मर्यादा आली की संरक्षण यंत्रणा सगळं थांबवते, आणि कॉकपिटमध्ये बिघाडाचा दिवा लागतो.

तिसरी पायरी: ग्रीस

ग्रीस म्हणजे तेल आणि ते तेल धरून ठेवणारा घट्ट पदार्थ. थंडीत तेल दाट होतं, आणि साधं गॅरेजचं ग्रीस उणे ३०-४०ला जवळजवळ घट्ट वडी होऊन बसतं. विमानाचं ग्रीस त्यासाठीच वेगळं. एअरोशेल ग्रीस ३३ उणे ७३ ते १२१ अंशांपर्यंत चालतं. तरी विमानाचं आहे म्हणून कुठलंही लावा, असं होत नाही. कोणत्या निपलला कोणतं ग्रीस, हे मॅन्युअल नावानिशी सांगतं.

दोन वेगळ्या जातींचं ग्रीस मिसळू नका. एअरोशेल ३३ लिथियम साबणाचं, एअरोशेल ७ मातीच्या जातीच्या पदार्थानं घट्ट केलेलं. दोन्ही चांगली, दोन्ही थंडीची. पण एकत्र झाली की मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकतं, किंवा उलट कडक होऊ शकतं. एका ग्रीसवरून दुसऱ्यावर जायचंच असेल तर जुनं पूर्ण काढण्याची कृती मॅन्युअलमध्ये दिलेली असते. प्रत्येक ग्रीस गनवर आत कोणतं ग्रीस आहे ते ठळक लिहून ठेवा. मोबिलग्रीस २८ लाल, एअरोशेल ३३ हिरवट. निपलमधून भलत्याच रंगाचं ग्रीस निघालं तर हात थांबवा आणि वरिष्ठांना दाखवा.

भरायचं कसं? आधी निपल पुसा, नाहीतर वरची धूळ पहिल्या दाबासरशी आत जाते. मग जुनं ग्रीस बाहेर येऊन त्याच्या मागं ताजं दिसेपर्यंत भरा. बाहेर आलेलं ग्रीस बोटावर घेऊन चोळून बघा. करकरलं तर धूळ, चमचमलं तर धातूचा चुरा, दुधाळ दिसलं तर पाणी. या तीन गोष्टी कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर शिकवतात. चुरा किंवा दुधाळपणा दिसला तर पुसून टाकू नका. आधी दाखवा, नोंद करा, मग पुढचं. ताजं ग्रीस दिसलं की बाहेर राहिलेलं जास्तीचं पुसून घ्या. आपल्या धुळीत ते तसंच ठेवलं तर पंधरा दिवसांत त्याची घासण्याची पेस्ट होते.

ग्रीस न भरल्यानं काय होतं, याचं उदाहरण फ्लॅपचं नसलं तरी स्क्रूचंच आहे. ३१ जानेवारी २०००, अलास्का एअरलाइन्सचं फ्लाइट २६१. एमडी-८३ विमानाच्या शेपटीचा आडवा पंख ज्या स्क्रूवर फिरतो त्याच्या नटाचे आटे पुरते झिजून गेले. विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं आणि ८८ जण गेले. समुद्रातून काढलेल्या स्क्रूच्या कामाच्या आट्यांवर कामाचं ग्रीस सापडलं नाही. तपासाचा निष्कर्ष अपुऱ्या ग्रीसिंगमुळं झालेली झीज असा होता, आणि ग्रीसिंगच्या व तपासणीच्या वाढवत नेलेल्या मुदतींवरही अहवालानं बोट ठेवलं. निपलपर्यंत हात पोचत नाही म्हणून सही करून मोकळं व्हावंसं वाटलं, की हा अपघात आठवा.

चौथी पायरी: केबलचा ताण तापमान बघून

यातला केबलचा भाग सेस्नासारख्या विमानांचा. एअरलाइनमध्ये जाणाऱ्यांनी तो वाचून सोडला तरी चालेल, परीक्षेत मात्र येतो. शेवटचं हायड्रॉलिकचं सगळ्यांसाठी.

पंख ॲल्युमिनियमचा, केबल स्टीलची. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागं सुमारे २३ मायक्रॉन आकसतं, स्टील सुमारे १२. पाच मीटर लांबीत ३५ अंशांचा फरक पडला तर पंख ४ मिलिमीटर आकसतो, केबल जेमतेम २. म्हणजे थंडीत केबल तुलनेनं लांब उरते आणि सैल पडते. उन्हाळ्यात उलटं, ताण वाढतो. नवीन पोरांचा समज नेमका उलटा असतो. थंडीनं तार आवळते असं त्यांना वाटतं, कारण ते फक्त तारेचा विचार करतात, पंखाचा करत नाहीत.

म्हणून मॅन्युअलमध्ये ताणाचा एकच आकडा नसून तापमानानुसार तक्ता किंवा ठरावीक तापमानाची अट असते. तापमान म्हणजे विमानाचं तापमान, मोबाइलवरच्या हवामानाचं नव्हे. दुपारी उन्हातून आत ओढलेल्या विमानाला लगेच टेन्शिओमीटर (केबलचा ताण मोजायचं साधन) लावू नका. पंख तापलेला असतो आणि केबल सावलीत असते. हँगरमध्ये सगळं एका तापमानाला आलं की मग मोजा. मे महिन्यात ताण बरोबर दिसला म्हणून डिसेंबरात बघायचं टाळू नका. सैल केबलीनं डावा फ्लॅप उजव्यापेक्षा मागं राहतो, आणि वैमानिकाला विमान एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं.

हायड्रॉलिकचं थोडक्यात. लाल रंगाचं, खनिज तेलाचं ५६०६ जातीचं द्रव उणे ५४ अंशांपर्यंत चालतं. त्याच्या जागी आलेलं आग कमी धरणारं ८३२८२ जातीचं उणे ४०पर्यंत. मोठ्या प्रवासी विमानांत फॉस्फेट एस्टर जातीचं जांभळट द्रव असतं, ज्याला हँगरमध्ये सगळे स्कायड्रॉल म्हणतात. ते कातडीला आणि डोळ्यांना भाजतं, चष्मा-हातमोजे घातल्याशिवाय जवळ जाऊ नका. थंडीत रबरी सील आकसतात, ताठ होतात आणि रात्रभर उभ्या विमानाखाली सकाळी थेंब दिसतो. यंत्रणा गरम झाल्यावर गळती थांबली तरी थेंब मोजायचे आणि मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडायचे. खनिज तेलाचं सील आणि स्कायड्रॉलचं सील वेगळं असतं. अदलाबदल झाली तर सील फुगतं किंवा विरघळतं.

पाचवी पायरी: थंड सकाळी फ्लॅप चालवून बघणं

आधी जीव, मग फ्लॅप. हायड्रॉलिक फ्लॅपच्या मागं ३,००० पीएसआयचा दाब असतो आणि मधे हात आला तर त्याला कळत नाही. फ्लॅप हलवण्याआधी एक माणूस कॉकपिटमध्ये, एक बाहेर, दोघांच्या कानावर हेडसेट. बाहेरच्यानं "क्लिअर" म्हटल्याशिवाय लिव्हरला हात नाही. फ्लॅपच्या खोबणीत कुणी काम करत असेल तर सर्किट ब्रेकर ओढून त्यावर कॉलर आणि लिव्हरवर टॅग. शिडी, ट्रॉली, चहाचे कप सगळं लांब. चहाच्या कपाचं हसू आलं असेल, पण फ्लॅपखाली चिरडलेली स्टूलं मी पाहिली आहेत.

वेळ पहाटेची निवडा. रात्रभर उघड्यावर गारठलेलं विमान सकाळी सहाला जे दाखवेल ते दुपारी बाराला दाखवणार नाही. विजेच्या फ्लॅपला ग्राउंड पॉवर लावा. थंडीत बॅटरी मंदावते, मग मोटर हळू चालली ती बॅटरीमुळं की स्क्रूमुळं, हे कळत नाही. फ्लॅप पूर्ण खाली, पूर्ण वर, दोन्ही वेळा घड्याळ लावून. लागलेला वेळ मॅन्युअलच्या मर्यादेत आहे का ते बघा, आणि आकडा लिहून ठेवा. मर्यादेत असला तरी मागच्या महिन्यापेक्षा वाढत चालला असेल तर तो काहीतरी सांगतोय.

डोळे आणि कान दोन्ही वापरा. डावा-उजवा एकदम निघतो का, मधे अडखळतो का, एखाद्या ठिकाणी मोटरचा आवाज जड होतो का, ट्रॅकवर रोलर फिरतो की घसटत जातो? घसटण्याची खूण ट्रॅकवर चकचकीत पट्ट्यासारखी दिसते. कॉकपिटमधला काटा आणि प्रत्यक्ष फ्लॅपचा कोन जुळतात का? सेन्सरच्या कनेक्टरमध्ये ओल असेल तर फ्लॅप बरोबर असूनही काटा चुकतो.

बर्फाचा पांढरा थर दिसायला हिवाळाच लागतो असंही नाही. लांबच्या उड्डाणात पंखातल्या टाकीचं इंधन शून्याखाली जातं. असं विमान ऑगस्टच्या दमट संध्याकाळी उतरलं की बाहेर २५ अंश असूनही टाकीच्या जागी पंखावर पांढरा थर धरू शकतो. वरच्या पृष्ठभागावर थर असेल तर काढल्याशिवाय उड्डाण नाही. पंखाखाली टाकीच्या भागात थोडा थर काही विमानांना चालतो, तेही मॅन्युअलच्या मर्यादेत.

विमान श्रीनगर, लेहसारख्या ठिकाणाहून किंवा परदेशातून बर्फावरून येऊन उतरलं असेल तर आणखी एक काम. बर्फाळ धावपट्टीवर चाकांनी उडवलेला चिखलबर्फ फ्लॅपच्या खाली चिकटतो. अशा वेळी वैमानिक फ्लॅप पूर्ण आत न घेता विमान उभं करतात. आत बघून, साफ करून मगच ते मिटायचे, नाहीतर बर्फ मधे चिरडून पत्रा आणि सील दोन्ही फाटतात. बर्फ काढायला वापरलेल्या दाट द्रवाचा सुकलेला थरही फ्लॅपच्या फटींत राहतो. तो दिसायला पावडर असतो, पण पाऊस किंवा धुण्याचं पाणी लागलं की फुगून जेलीसारखा होतो आणि वर गेल्यावर गोठतो. पुढच्या तपासणीत फटी उघडून तो शोधणं हे वेगळं टास्क असतं, आणि बर्फ न पडणाऱ्या गावात बसलेल्या माणसालाच ते विसरायला होतं.

सहावी पायरी: खाली आल्यावर गायब होणारा बिघाड

थंडीच्या बिघाडाचा खरा त्रास हा आहे. दिल्लीला उतरताना फ्लॅप अडकला, वैमानिकानं टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या नोंदवहीत) लिहिलं. विमान जमिनीवर आलं, तासभर उन्हात उभं राहिलं, आतला बर्फ वितळला. तुम्ही लिव्हर हलवता आणि फ्लॅप लोण्यासारखा चालतो. मग कुणीतरी लिहितं, "तपासलं, बिघाड आढळला नाही". चार दिवसांनी पुन्हा तेच.

अशा वेळी माहिती गोळा करा. किती उंचीवर, बाहेर किती तापमानात, किती वेळ वर राहिल्यानंतर, फ्लॅप कोणत्या कोनावरून कोणत्या कोनावर जाताना, आदल्या दिवशी पाऊस होता का, विमान नुकतंच धुतलं होतं का? कॉम्प्युटर असलेल्या विमानात साठवलेले फॉल्ट कोड सिस्टिम रीसेट करण्याआधी उतरवून घ्या. मग ॲक्च्युएटरचं ग्रीस दुधाळ आहे का, शाफ्टच्या आवरणातून पाणी निघतं का, सील बाहेर आलंय का ते बघा. मॅन्युअल किंवा निर्मात्याचं बुलेटिन सांगत असेल तर सुटा भाग शॉपमध्ये पाठवून गारठवून तपासून घ्या. डाव्या-उजव्या फ्लॅपमधला फरक (असममिती) ओळखून ब्रेक लागला असेल तर कारण न शोधता तो पुन्हा सोडू नका. ए३२०मध्ये ते ब्रेक जमिनीवरच सोडता येतात. हवेत कुणी ते खेळ करू नयेत म्हणूनच ती व्यवस्था आहे.

वैमानिक होणाऱ्यांसाठी थोडं

फ्लॅप अडकणं ही बहुतेक वेळा संकटाची नाही, लांब धावपट्टीची गोष्ट असते. फ्लॅपशिवाय वेग जास्त ठेवावा लागतो, म्हणून धावपट्टी जास्त लागते आणि ब्रेक तापतात. चेकलिस्ट वाचा, वेग ठरवा, घाई असेल तर उतरणं सोडून पुन्हा फेरी मारा. २७ जानेवारी २००९ला टेक्सासमधल्या लबक इथं एम्पायर एअरलाइन्सचं एटीआर ४२ मालवाहू विमान गोठणाऱ्या रिमझिमीत उतरत होतं. फ्लॅप दोन्ही बाजूंना सारखे आले नाहीत. दोघांचं लक्ष त्यात अडकलं, वेग घसरत गेला आणि विमान स्टॉल होऊन (पंखाची उचल तुटून) धावपट्टीच्या अलीकडं आदळलं. दोघे वाचले. तपासानं मुख्य कारण फ्लॅप नव्हे, वेग न सांभाळणं हे दिलं.

बर्फ साचला असताना फ्लॅप हलवणंही साधं नाही. ३१ ऑक्टोबर १९९४ला अमेरिकेतल्या रोझलॉनजवळ एटीआर ७२ विमान फ्लॅप १५ अंशांवर ठेवून घिरट्या घालत होतं. पंखाच्या पुढच्या कडेला बर्फ झटकणाऱ्या रबरी बूटांच्या मागं बर्फाची धार तयार झाली. फ्लॅप मिटल्यावर पंखाचा हवेशी कोन वाढला, धारेमागची हवा पंखापासून सुटली आणि एलरॉननं (विमान कलवणाऱ्या पंखाच्या टोकाजवळच्या पत्र्यानं) उसळी घेतली. ६८ जण गेले. फ्लॅप पूर्ण चालू होता, बिघडलेलं त्याच्या आजूबाजूला होतं. शेपटीवर बर्फ असताना फ्लॅप पूर्ण खाली केले तर काही विमानांत शेपटीच स्टॉल होते, तेव्हा आपल्या विमानाचं पुस्तक याबद्दल काय म्हणतं ते उड्डाणाआधी वाचलेलं हवं.

कागद आणि सही

डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) सीएआर-६६ या विमान देखभालीच्या लायसन्ससाठी अभ्यास करत असाल तर यातलं बरंचसं मॉड्यूल ६, ७ आणि ११मध्ये येतं, माणसाच्या चुकांचा भाग मॉड्यूल ९मध्ये. टर्बाइन विमानांना बी१.१ लायसन्स, पिस्टन विमानांना बी१.२. मॉड्यूल ९ सोपं म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, फ्लॅपचं निम्मं दुखणं त्याच धड्यात आहे.

टास्क कार्डच्या प्रत्येक ओळीसमोर काम झाल्यावरच सही. ग्रीसिंगच्या ओळीत निपल क्रमांक असतील तर एकेक करून. एखादा निपल ग्रीस घेत नसेल तर "भरलं" लिहू नका, "ग्रीस जात नाही" असं लिहा आणि नवीन नोंद उघडा. फ्लॅपचा रॉड, केबल किंवा ॲक्च्युएटर सोडून पुन्हा जोडला असेल तर दुसऱ्या पात्र माणसाची स्वतंत्र तपासणी लागते. ती तुम्ही दाखवाल तेवढंच बघून होत नाही. त्याला मॅन्युअल उघडून द्या आणि लांब उभे राहा. लॉकिंग वायर, कॉटर पिन, नटाचा टॉर्क त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. शिफ्ट बदलताना अर्धवट काम राहिलं तर काय सुटं आहे ते तोंडी सांगून भागत नाही. हँडओव्हरच्या वहीत लिहा आणि सुट्या भागाला लाल टॅग लावून मगच हँगर सोडा.